नाळेचं रक्त साठवून देणारी सर्व्हिस: पिकअपला पाच स्टार, पॅकेजला एक

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एका कंपनीवर राग काढायचा हा विषय नाही, आणि या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांची पॅकेजेस समोरासमोर ठेवून बघितली तर एकोणीस-वीसचाच फरक आहे. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांना माहितीच असेल, गायनॅकच्या वेटिंग रूममध्ये चकचकीत माहितीपत्रक हातात पडतं आणि दोन दिवसांत फोन सुरू होतात. आपला नंबर त्यांच्याकडे गेला कसा, हे विचारलं की समोरची बाई गोड आवाजात "मॅडमनी हॉस्पिटलमध्ये फॉर्म भरला होता ना सर" म्हणते. कुठला फॉर्म ते आजपर्यंत कळलेलं नाही.

पॅकेज म्हणजे बाळ जन्मलं की त्याच्या नाळेतलं रक्त घेऊन, पुढे आजारपणात कामी येईल म्हणून ते वर्षानुवर्षं गोठवून ठेवायचं. आमच्याकडे ते आलं सासऱ्यांमुळे. मला आणि बायकोला फारसं पटलेलं नव्हतं पण आबांनी डोहाळजेवणाच्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीरच करून टाकलं की नातवाला माझ्याकडून हीच भेट, "पैसे माझे, नातू माझा, तुम्ही मधे पडू नका जावईबापू". झाली नात, भेट तीच राहिली. त्यामुळे हा रिव्ह्यू खिशातून गेलेल्या पैशांच्या कळवळ्याने लिहिलेला नाही, आबांनी साठ-सत्तर हजारांच्या घरातली रक्कम एकदम भरली आणि मी फुकट बसून नीट वाचन केलं इतकंच. आणि हो, त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा. पूर्वी कॉर्ड ब्लड, म्हणजे नाळेचं रक्त साठवणाऱ्या, बँकांच्या सर्व्हिसला टॅक्समधून सूट होती, ती १८ जुलै २०२२ पासून काढली, तेव्हा जुने मित्र "आम्हाला तर एवढा नव्हता लागला" म्हणाले तर ते खोटं बोलत नाहीयेत.

आता आधी चांगलं सांगतो कारण चांगलं खरंच चांगलं आहे. किट घरी वेळेवर आला, थर्मासासारखा जाड डबा, आत रक्त गोळा करायची पिशवी, त्यात रक्त गोठू नये म्हणून औषध आधीच घातलेलं, आईच्या रक्ताच्या टेस्टसाठी ट्यूब, जेल पॅक आणि तापमान नोंदवणारं छोटं यंत्र. डिलिव्हरीच्या बॅगेत हा डबा टाकायला विसरू नका म्हणून आठवणीचे मेसेज इतके यायचे की बाळाच्या टोपड्यांपेक्षा आम्हाला त्या डब्याचीच जास्त धास्ती. नाळ कापल्यानंतर, बाळ बाजूला झाल्यावर, नाळेतल्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत उतरवतात, आईला दुखत नाही, बाळाला दुखत नाही, काही मिनिटांचं काम. मध्यरात्रीनंतर डिलिव्हरी झाली आणि सकाळी चहाच्या वेळेला त्यांचा माणूस दारात हजर. नम्र मुलगा, सही घेतली, पावती दिली, सील आमच्यासमोर लावलं. लॅब दुसऱ्या राज्यात, सॅम्पल विमानाने जातं, ते पोचल्याचा मेसेज, टेस्ट सुरू झाल्याचा मेसेज, फ्रीज केल्याचा मेसेज. आपल्याकडे बँकेत पासबुक भरून घ्यायला जेवढा त्रास होतो त्याच्या दहा टक्केही झाला नाही. पिकअपवाल्या मुलाला माझे पाच स्टार.

पण वस्तू काय विकली ते बघायला हवं ना.

नाळेच्या रक्तात ज्या स्टेम सेल असतात त्या मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या असतात, म्हणजे लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट यांच्या मूळ पेशी. बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, असतात त्याच जातीच्या. त्याचा उपयोग खरा आहे, थापा नाहीत. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलमध्ये एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला नाळेचं रक्त देऊन जगातलं पहिलं असं ट्रान्सप्लांट केलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये पहिली सार्वजनिक बँक निघाली, हजारो पेशंटना याचा फायदा झाला. माहितीपत्रकात पॅरिसची ही गोष्ट मोठ्या अक्षरात आहे, पण त्या मुलाला दिलेलं रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, त्याच्या नवजात बहिणीचं होतं, ही ओळ मात्र कुठेच नाही. आणि सगळी गोम त्याच ओळीत आहे.

कारण आम्हाला विकलं गेलं ते "तुमच्या बाळासाठी, तुमच्या बाळाचंच". पुढच्या पानावर ८० पेक्षा जास्त आजारांची यादी. थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे रक्ताचे जन्मजात आजार, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर, इम्युनिटीचे जन्मजात आजार वगैरे. यादी खोटी नाहीये पण हे आजार बरे होतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या निरोगी पेशी देऊन. थॅलेसेमिया जीनमध्ये असतो, तोच जीन नाळेच्या रक्तातही असतो, मग बाळाला त्याचंच रक्त परत देणं म्हणजे किडकं बी जपून ठेवून पुढच्या वर्षी तेच पेरायचं. ल्युकेमियाचं पण तसंच, लहानपणी होणाऱ्या काही ल्युकेमियांची सुरुवात पोटात असतानाच झालेली असते, ते बदल साठवलेल्या रक्तात असू शकतात, शिवाय दुसऱ्याच्या पेशी कॅन्सरच्या पेशींवर जो हल्ला करतात तो आपल्याच पेशी करत नाहीत. हे मी काउन्सेलर मॅडमना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या "सर सायन्स खूप फास्ट पुढे जातंय". बरं.

स्वतःचं साठवलेलं रक्त स्वतःलाच लागण्याची शक्यता किती? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेला अंदाज आहे ४०० मुलांत एक ते २ लाख मुलांत एक. इतका मोठा पल्ला असलेला अंदाज बघूनच समजावं की कुणालाच नीट सांगता येत नाहीये. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की पुढे स्वतःला लागेल म्हणून नाळेचं रक्त साठवण्याला सध्या शास्त्रीय आधार नाही. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये जवळपास हेच सांगितलं. हे सगळं इंटरनेटवर उघड आहे, कुणी लपवलेलं नाही, फक्त वेटिंग रूममध्ये त्याचं माहितीपत्रक कुणी ठेवत नाही कारण त्यात कमिशन नाही.

आता रिपोर्ट. आमच्या पिशवीत रक्त कमी आलं. का, तर आमच्या गायनॅक मॅडम नाळ लगेच कापत नाहीत, मिनिट-दोन मिनिटं थांबतात, त्या वेळात नाळेतलं रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पुढचे काही महिने बाळाला लोह कमी पडत नाही. डब्ल्यूएचओ पण हेच सांगतं, किमान एक मिनिट थांबा. म्हणजे बाळाला दिलं तर पिशवीत कमी आणि पिशवी भरायची तर बाळाला कमी. मॅडमनी आधीच बजावलं होतं, "मी बाळाचं बघणार, पिशवीत येईल तेवढं येईल". शाबास. मग लॅबमधून फोन, सर सेल काउंट थोडा लो साइडला आहे, स्टोअर करायचं ना? मी हिशोब विचारला. ट्रान्सप्लांटला पेशंटच्या वजनाच्या किलोमागे साधारण अडीच कोटी पेशी तरी लागतात, काही आजारांना त्याहून जास्त. २० किलोच्या पोराला ५० कोटी, ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. चांगली भरलेली पिशवी असली तरी ती लहान मुलालाच पुरते, मोठ्या माणसाला बहुतेक वेळा एक पिशवी पुरत नाही. आणि पॅकेज विकलं होतं "७५ वर्षांचं संरक्षण" म्हणून! मुलगी पन्नाशीची होईल तेव्हा या पिशवीत तिच्या एका पायापुरत्या तरी पेशी असतील का, असं बायकोने विचारलं, त्यावर फोन होल्डवर गेला.

७५ वर्षांचं अजून एक. उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये पेशी टिकतात हे खरं आहे, २७ वर्षं गोठवलेल्या पिशवीतल्या पेशी काढून तपासल्या तर त्या चांगल्या निघाल्या असा अभ्यास २०२३ मध्ये आलाय. २७, ७५ नव्हे. पेशी टिकतील हो, कंपनी टिकेल का? युरोपातली क्रायो-सेव्ह ही बरीच मोठी कंपनी २०१९ मध्ये बंद पडली आणि लोकांची सॅम्पल्स पोलंडमधल्या दुसऱ्या कंपनीकडे गेली. सिंगापूरमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने कॉर्डलाइफ या तिथल्या कॉर्ड ब्लड बँकेच्या २२ पैकी ७ टाक्यांमध्ये तापमान नीट राखलेलं नव्हतं हे बाहेर काढलं, एकाच टाकीतली सुमारे २२०० युनिट्स खराब झाली. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या देशात हे झालंय. आपल्याकडे २०११-१२ पासून या बँकांना ड्रग्ज कायद्याखाली लायसन्स लागतं, तपासण्या होतात, तरी टाकीत डोकावून बघायला आपण काही जाणार नाही. आमच्या अॅग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात आहे की सॅम्पलला काही झालं तर जास्तीत जास्त भरलेली फी परत, आणि वाद झाला तर कोर्ट त्यांच्या गावचं. सही करण्याआधी हे पान वाचा, बाकीची नाही वाचलीत तरी चालतील.

मग येतो सगळ्यात गोड भाग, रिजनरेटिव्ह मेडिसिन. म्हणजे झिजलेलं, मेलेलं अवयव-ऊतक नव्याने तयार करणं. काउन्सेलर मॅडम यात एकदम रंगतात, डायबिटीस, पार्किन्सन, ऑटिझम, मणक्याची इजा, सगळं येणार आहे सर, आणि ज्यांनी साठवलंय तेच फायद्यात. मला विज्ञानाबद्दल शंका नाहीये, उलट इथलं काम वाचून थक्क व्हायला होतं. फक्त त्यातलं काहीही आमच्या पिशवीतून होत नाहीये. टाइप वन डायबिटीसचं घ्या, २०२५ मध्ये निकाल आले, स्टेम सेलपासून लॅबमध्ये बनवलेल्या इन्शुलिनच्या पेशी पूर्ण डोसमध्ये दिलेल्या १२ पैकी १० जणांना वर्षाने इन्शुलिन घ्यावं लागत नव्हतं, भारीच की! पण त्या पेशी सगळ्यांसाठी एकाच तयार लाइनमधून, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या एकाच साठ्यातून बनवलेल्या, पेशंटच्या स्वतःच्या नाहीत, नाळेच्या तर नाहीतच. पार्किन्सनचे सुरुवातीचे प्रयोगही तशाच तयार लाइनवर चाललेत. ऑटिझमवर अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने नाळेचं रक्त देऊन नीट ट्रायल केली, २०२० मध्ये निकाल आला, ज्या मुख्य गोष्टीत सुधारणा बघायची होती ती दिसली नाही. आपल्याकडेही २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या बोर्डाने ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करू नये असं सांगितलं, तरी अजून आईबाप लाखो रुपये घेऊन फिरतायत आणि घेणारे घेतायत, या विषयावर लिहायला बसलो तर रिव्ह्यू राहील बाजूला.

आणि समजा उद्या खरंच स्वतःच्याच पेशींपासून उपचार करायची वेळ आली तरी जन्माच्या वेळचं रक्त असायलाच हवं असं नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशी चार जीन्स वापरून पुन्हा मूळ अवस्थेत नेल्या, जिथून शरीरातली कुठलीही पेशी बनवता येते, २०१२ चं नोबेल मिळालं त्यांना. कोणत्याही वयात, त्वचेतून, साध्या रक्तातून. २०१४ मध्ये कोबे शहरात एका म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच त्वचेपासून अशा तऱ्हेने बनवलेला रेटिनाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) थर बसवला, त्या बाईंच्या आईने काही त्यांच्या जन्माच्या वेळी पॅकेज घेतलेलं नव्हतं. सिकल सेल आणि थॅलेसेमियावर २०२३ च्या शेवटी ते जानेवारी २०२४ मध्ये जीन एडिटिंगचा जो उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला त्यातही पेशंटच्याच रक्तातून स्टेम सेल काढतात, दुरुस्त करतात, परत देतात. "आयुष्यात एकदाच मिळणारी संधी" हे वाक्य माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आहे, ते मला त्यामुळेच सगळ्यात खटकतं.

आपल्या देशात खरंच कामाला आलेलं बघायचं असेल तर हैदराबादला एल व्ही प्रसाद आय इन्स्टिट्यूट बघा. चुना, अॅसिड डोळ्यात जाऊन बुबुळाच्या कडेच्या स्टेम सेल जळाल्या की तिथे दुसऱ्या चांगल्या डोळ्यातला बारीकसा तुकडा घेऊन लावतात, २०१२ मध्ये तर त्यांनी लॅबमध्ये पेशी वाढवायची गरजच नसलेली सोपी पद्धत छापली, आता जगभर करतात. यालाच म्हणायचं रिजनरेटिव्ह मेडिसिन, आणि त्याचं माहितीपत्रक मी आजवर कुठल्याही वेटिंग रूममध्ये बघितलं नाही. गुडघ्यांचंही सांगून टाकतो कारण आबांनी लगेच विचारलंच, "मग हे माझ्या गुडघ्यात टाकता येतं का?" नाही. गुडघेदुखीसाठी दात्यांच्या बोन मॅरोपासून बनवलेलं एक इंजेक्शन २०२२ मध्ये भारतात मंजूर झालंय, ते मधल्या टप्प्यातल्या झिजेसाठी, आणि ते औषध म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. नातीच्या पिशवीशी त्याचा संबंध नाही. आबा जरा हिरमुसले.

प्रीमियम पॅकेजमध्ये नाळेचा तुकडा पण साठवतो म्हणत होते, वीस-पंचवीस हजार जास्त. ते आम्ही घेतलं नाही. आयसीएमआरच्या सूचनांप्रमाणे बँकिंगची परवानगी नाळेच्या रक्तालाच आहे, नाळेचा तुकडा, दुधाचे दात, चरबी वगैरेला नाही. तुमच्या काउन्सेलरने हे गळ्यात मारायचा प्रयत्न केला तर लायसन्समध्ये नेमकं काय साठवायची परवानगी आहे ते लेखी मागा, लगेच बेसिक पॅकेजवर येतात.

कम्युनिटी बँकिंग हा त्यातल्या त्यात बरा विचार. म्हणजे सगळ्या सभासदांची रक्तं एका पूलमध्ये, ज्याला लागेल त्याला मॅच होणारं मिळणार. निदान दुसऱ्याचं निरोगी रक्त मिळण्याची सोय तरी होते. पण पूल फक्त पैसे भरणाऱ्यांचा, आणि आज ट्रान्सप्लांट करणारे डॉक्टर नाळेच्या रक्ताच्या मागे पूर्वीइतके लागत नाहीत, कारण आई किंवा वडिलांच्या अर्ध्या मॅचवर, ज्याला ते हाप्लो म्हणतात, ट्रान्सप्लांट करता येतं. १९८३ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियलला डॉ. सुरेश अडवाणींनी भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं तेव्हा पूर्ण मॅच होणारं भावंड सापडणं हाच मोठा प्रश्न असायचा, तो प्रश्न आता बराच हलका झालाय.

एका घरात मात्र हीच सर्व्हिस पैसा वसूल झालेली मी बघितली आहे. ऑफिसमधला सहकारी, पिंपरीचा सिंधी, त्यांच्या समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त, मोठा मुलगा थॅलेसेमिया मेजर, दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. दुसऱ्या वेळी वहिनींना दिवस गेले तेव्हा आधी गर्भाची तपासणी केली, बाळाला आजार नाही हे कळलं, आणि सख्ख्या भावंडांत पूर्ण मॅचची शक्यता चारात एक, ती नेमकी लागली. नाळेचं रक्त साठवलं, मुलगी थोडी मोठी झाल्यावर तिचा थोडा बोन मॅरोही घेतला कारण भावाचं वजन वाढलेलं होतं, आणि दोन्ही मिळून ट्रान्सप्लांट केलं. पोरगा आता रक्त चढवायला जात नाही. आयसीएमआरही हेच म्हणतं, घरात आधीच असा आजारी मुलगा-मुलगी असेल तर साठवा. तुमच्या घरात असं असेल तर हा रिव्ह्यू बंद करा आणि थेट हेमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरला भेटा, माझा एक स्टार तुमच्यासाठी नाही.

ज्यांना फक्त चांगलं काम करायचंय त्यांनी ती रक्कम वाचवून बोन मॅरो डोनर म्हणून नाव नोंदवावं, दात्री नावाची रजिस्ट्री आहे, मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री आहे, गालाच्या आतून कापसाच्या काडीने सॅम्पल घेतात. मी आणि बायकोने नोंदवलंय. आबांचं वय बसत नाही म्हणून ते रजिस्ट्रीवाल्यांवर चिडलेत.

बाकी कस्टमर केअर अजूनही तत्पर आहे. मुलीचा वाढदिवस लक्षात ठेवून केकचं चित्र पाठवतात, आणि गेल्या आठवड्यात फोन होता की सेकंड बेबी प्लॅन करत असाल तर जुन्या ग्राहकांना २० टक्के सूट आहे सर. मी म्हटलं, बाळाचं ठरलं की आधी नाळ किती वेळाने कापायची ते ठरवू, मग पिशवीचं बघू. "नोटेड सर" म्हणाली.